तीर्थ पिऊन ऑपरेशनला

दूध उतू गेलं होतं, ज्योत विझली होती, गॅस भसाभसा सुटत होता आणि मी तिथेच ओट्यापाशी उभी राहून मजेत नारळ खवत होते. सासूबाई पुढच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना तिथवर वास गेला. त्या धडपडत आत आल्या, आधी बटण फिरवलं, मग मागचं दार सताड उघडलं आणि माझ्याकडे वळल्या. आता माझी खरडपट्टी निघणार, असं मी धरून चालले होते. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुला खरंच कायपण वास येत नाय?" एवढंच त्या म्हणाल्या. मी नाही म्हणून मान हलवली आणि खोबऱ्याची वाटी हातात धरून तिथेच मटकन खाली बसले. तोवर मला सगळे सर्दीवाली म्हणून चिडवायचे आणि मीही हसण्यावारी न्यायचे. त्या दिवशी हसू पळालं.

आमचं घर माहीमचं, मुंबईतल्या नव्हे, पालघरजवळच्या. मागे वाडी आहे, वाडीत नारळ, केळी आणि सोनचाफ्याची झाडं. पहाटे कळ्या उमलायच्या आत चाफा काढायचा, ओल्या फडक्यात ठेवायचा आणि पालघरला पोचवायचा, हे आमचं वर्षानुवर्षांचं काम. येणारेजाणारे आमच्या कुंपणापाशी थांबून खोल श्वास घेतात आणि डोळे मिटतात. आणि त्या चाफ्याची मालकीण मी, मला तो चाफा आणि कागदाचं फूल सारखंच. देवाला वाहायचं फूल हुंगू नये, हा आमच्या घरचा कडक नियम. तो नियम न चुकता पाळणारी घरात मी एकटीच आहे, असं मी म्हणायचे. लोक हसायचे. मीही हसायचे आणि मग वाडीच्या टोकाला जाऊन तोंडाने श्वास घेत उभी राहायचे.

सुरुवात साध्या सर्दीने झाली होती. मग नाक कायमचंच बंद झालं. कपाळावर पाटा ठेवल्यासारखं जड वाटायचं, रात्री उताणं झोपता यायचं नाही, तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी घशाला कोरड. भाजीत मीठ किती ते कळायचं, पण भाजी वांग्याची की दुधीची हे डोळ्यांनी बघूनच ठरवायचं. थंडीत छातीत घरघर सुरू झाली, तेव्हा दम्याचा पंप आला. ओव्याची धुरी झाली, काढे झाले, वाफ घेऊन घेऊन तोंडाची साल निघायची वेळ आली. डॉक्टरांनी नाकात मारायचे फवारे दिले, गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत जरा उघडायचं, संपल्या की पुन्हा कुलूप. अक्षरशः नाकी नऊ आले होते, दुसरा शब्द नाही.

गावदेवीकडे मी काय कमी मागितलं? ओटी भरली, मंगळवार धरले, अनवाणी गेले. काही होईना. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी देवीशी अबोला धरला. हो, अबोलाच. माझा स्वभाव तसा तापटच, माणसांवर रुसते तशी तिच्यावर रुसले. फुलं रोज पाठवायचे, फुलांचा काय दोष? पण मी स्वतः पायरी चढायची नाही. सासूबाई देवळातून आल्या की प्रसाद पुढे करायच्या, मी तो घ्यायचे आणि गप्प राहायचे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तिची ती बघून घेईल, असं म्हणायच्या. त्याचाही मला रागच यायचा.

गॅसच्या प्रसंगानंतर मात्र ह्यांनी मला गाडीवर बसवलं आणि थेट बोईसरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी एक बारीक दांडी नाकात सरकवली, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि समोरच्या पडद्यावर माझं नाक आतून दिसायला लागलं. अगं बाई! सोललेल्या ताडगोळ्याचे तुकडे कुणीतरी दाबून दाबून भरावेत, तसं ते पांढरट, गुळगुळीत, चकचकीत काहीतरी आत खच्चून भरलेलं होतं. मला शिसारी आली आणि बरंही वाटलं. म्हणजे मी नाटक करत नव्हते तर! डॉक्टर म्हणाले, जुन्या सुजेमुळे नाकात मांस वाढलंय, कपाळाच्या आणि गालांच्या पोकळ्यांची तोंडं बंद झालीत. बाहेरून कुठेही चिरायचं नाही, दुर्बिणीतून बघत बघत आतूनच साफ करायचं. श्वास मोकळा होईल याची त्यांना खात्री होती. वासाचं मात्र त्यांनी हातचं राखून सांगितलं. येईल, कदाचित उशिरा येईल, कदाचित नाहीही येणार. मला श्वासापेक्षा वासच हवा होता. एका स्वयंपाकघरात तीन माणसांचा जीव माझ्या हातात असतो, आणि मला जळकंही कळत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं आणि घरी येऊन घाबरले. डोळा तिथून जवळ, मेंदू तिथून जवळ, असं जो तो सांगायला लागला होता.

ऑपरेशनच्या दिवशी पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबही नको, असं दवाखान्यातून दोनदा बजावलं होतं. मी तंतोतंत पाळलं. चहा नाही, पाणी नाही, चूळ भरली तीही जपून थुंकली. निघायच्या वेळी सासूबाई देवळातून आल्या. पहाटेच जाऊन त्यांनी देवीला अभिषेक करवला होता, हातात तीर्थाची छोटी लोटी आणि पंचामृताची वाटी. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आता अबोला देवीशी, ह्या म्हातारीशी थोडाच होता? मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तीर्थ घातलं, मग पंचामृत घातलं, मी ते प्यायले, ओला हात डोक्याला पुसला, त्यांच्याकडून देवीच्या कुंकवाचा मळवट भरून घेतला आणि गाडीत बसले. आमच्या मनात तसूभरही शंका आली नाही. निर्जळी उपासालाही आमच्याकडे तीर्थ चालतं. तीर्थाला पाणी म्हणतं कोण? पंचामृताला दूध-दही म्हणतं कोण?

त्यामुळे बोईसरला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंप्यायलंत का, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, थेंबही नाही. खोटं बोलतेय असं मला स्वप्नातही वाटलं नाही. दमा आहे? आहे. कुठल्या औषधाची ॲलर्जी? नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि मला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. ऑपरेशनला माझा पहिला नंबर होता. हे खाली औषधं आणायला गेले.

बाकावर शेजारी एक बाई बसली होती. जव्हारकडची, पण नवऱ्याला कारखान्यात काम लागल्यापासून कुंभवलीला खोली घेऊन राहिलेली. नाव जयवंती. हे सगळं तिने मला न विचारताच सांगितलं. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन कालच झालं होतं आणि तो आत झोपला होता. ती बोलकी, मी भेदरलेली. माझ्या कपाळावरचा कुंकवाचा मळवट बघून तिने विचारलं, देवीला जाऊन आलात काय. मी म्हटलं, मी नाही, सासूबाई जाऊन आल्या, मी नुसतं तीर्थ घेतलं. तशी ती एकदम पुढे सरकली आणि हात पसरून म्हणाली, "हाय का अजून? थोडं आमालाबी द्या. माझ्या माणसाच्या तोंडात घालते."

मी म्हटलं, नाही गं, होतं तेवढं मी पिऊन टाकलं, पंचामृतसुद्धा. आणि नेमकी त्याच वेळी माझी फाइल घेऊन सिस्टर पाठीमागून चालली होती. ती जागच्या जागी थांबली. काय प्यायलात, तिने विचारलं. मी हसत हसत सांगितलं, तीर्थ. ती हसली नाही. ती तशीच आत गेली आणि मग जी पळापळ झाली, ती विचारू नका. दूध, दही, तूप, मध, सगळं पोटात, आणि ह्या बाई म्हणतात थेंबही नाही! भूल दिल्यावर ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर काय होतं, ते सिस्टरने मला चांगलं खडसावून समजावलं. माझा पहिला नंबर गेला. बाकीच्यांची ऑपरेशनं आधी होणार, आणि डॉक्टरांना वेळ उरला तर सगळ्यांत शेवटी माझं, नाहीतर पुन्हा कधीतरी.

खरं सांगते, माझा इतका संताप झाला की डोळ्यांतून पाणीच आलं. त्या जयवंतीला काय नडलं होतं नको तिथे नाक खुपसायला? सासूबाईंना आजच अभिषेक सुचला? आणि ती देवी! एवढी वर्षं मागितलं तेव्हा काही दिलं नाही, आणि आज मी माझ्या वाटेने निघाले तर वाट अडवून उभी राहिली. हे परत आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे माझ्या शेजारी बसून राहिले. जयवंती बिचारी ओशाळून बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकली होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही.

दुपार कलल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरबाई पुन्हा आल्या. त्या वेळी त्यांनी नुसती फाइल उघडली नाही, चक्क माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. तुमचं सकाळचं उत्तर चुकलं, म्हणजे बाकीची उत्तरंही मी पुन्हा विचारणार, असं म्हणाल्या. रागावून नव्हे, पण ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. आणि या वेळी त्यांनी वेगळ्याच तऱ्हेने विचारलं. औषधांचं सोडा, म्हणाल्या, अचानक श्वास कोंडला असं कधी झालंय का? कशामुळे ते बाजूला ठेवा, फक्त झालंय का ते सांगा.

मी म्हटलं, हो, झालं होतं की, पण ती नजर होती. शिरगावला पुतणीच्या लग्नात मी नवीन साडी नेसले होते, सगळ्या बायका बघत होत्या. बँडने डोकं ठणकायला लागलं, कुणीतरी डोकेदुखीची गोळी दिली, ती घेतली, आणि थोड्याच वेळात तोंड लालबुंद, नाकाची धार, आणि छाती अशी आवळली की मला वाटलं आता संपलं. दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, वाफ दिली. दमा उठला म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि आमच्या घरात श्रेय मिळालं ते त्या मीठ-मोहऱ्यांनाच. नजर लागली हे डॉक्टरला कोण सांगतं? मीही कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "गोळी कुठली होती?" मला नाव आठवेना, ह्यांना आठवलं. बाईंनी फाइलचं पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं. मग त्यांनी ती ओळ खोडली, लाल पेनाने वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि मला समजावून सांगितलं. नाकातलं हे मांस, दमा आणि त्या जातीच्या गोळ्या न सोसणं, ही तिन्ही दुखणी काही माणसांत एकत्र असतात. त्याच जातीचं वेदनाशामक इंजेक्शन आजच्या ऑपरेशनसाठी माझ्या फाइलवर लिहून ठेवलेलं होतं, कारण मी ॲलर्जी नाही म्हटलं होतं. "सकाळीच तुम्हाला आत घेतलं असतं, तर ते दिलं गेलं असतं," त्या म्हणाल्या.

त्या उठून गेल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. मग मी बाकाच्या त्या टोकाकडे बघितलं. जयवंती डब्यातली भाकरी नवऱ्याला नेऊन देण्यासाठी फडक्यात बांधत होती. मी उठले, तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरला. ती घाबरलीच. तिला वाटलं, मी आता भांडणार. मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच भाकरी बांधायला लागले. शेवटी ह्यांनीच तिला सगळं सांगितलं आणि उद्या तुझ्या माणसासाठी तीर्थ आणतो, असा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलंही, पण आधी डॉक्टरांना विचारून.

देवीने केलं की योगायोग झाला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझ्याकडून चूक झाली, हे खरं. सासूबाईंची चूक झाली, हेही खरं. त्या चुकीतूनच माझा जीव वाचला, हेही तितकंच खरं. हे सगळं एकत्र कसं बसतं, ते मला माहीत नाही. संध्याकाळी मला आत नेलं तेव्हा मी देवीशी बोलले, कितीतरी दिवसांनी. फार काही नाही. म्हटलं, तू बघ आता, मी काही सांगत नाही. आणि मला भीतीच वाटली नाही. तोंडावर मास्क आला तोवर मी शांत पडून होते.

जाग आली तेव्हा नाकात पट्ट्या कोंबलेल्या होत्या, तोंडाने श्वास चालला होता आणि घशाशी रक्ताची चव. पण ज्या दिवशी त्या पट्ट्या काढल्या! लांबच लांब पट्टी निघाली, डोळ्यांतून टिपं आली, आणि मग हवा आत शिरली. थंडगार, थेट कपाळापर्यंत! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तोंड मिटून श्वास घेतला. मी वेड्यासारखी हसत सुटले, डॉक्टर म्हणाले हळू, हळू. घरी येऊन मी उताणी झोपले तर सासूबाई येऊन बघून गेल्या, ही जिवंत आहे ना म्हणून, कारण घोरण्याचा आवाजच नव्हता.

वास मात्र आला नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात औषधी मीठ घालून रोज नाक धुवायचं, तपासणीला जायचं, आतल्या खपल्या काढून घ्यायच्या. दर वेळी डॉक्टर विचारायचे आणि मी नाही म्हणायचे. वाडीत जाऊन नाक फुलवून उभी राहायचे. हिंग उघडून बघितलं, लसूण ठेचून बघितला, सुकं बोंबील भाजताना चुलीवर ओणवी झाले. काही नाही. पण गंमत अशी, की आता मी रुसत नव्हते. देवळात जायचे, नमस्कार करायचे, परत यायचे. तू बघ म्हटलं होतं ना, मग आता रोज उठून हिशेब कसा मागायचा?

अशाच एका तपासणीनंतर मी ह्यांना म्हटलं, जयवंतीकडे जाऊन येऊ या. वाडीतली केळी आणि चार शहाळी बरोबर घेतलीच होती. आम्ही रिक्षा केली. कुंभवलीच्या दिशेने वळलो, कारखान्यांची रांग सुरू झाली, आणि मला काहीतरी झालं. आधी कळेचना काय झालं ते. नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं, डोक्यात घुसलं. मग रिक्षावाल्याने गळ्यातला गमछा नाकावर ओढला आणि मागे वळून म्हणाला, "भाभी, रुमाल लगा लो, आज बहुत गंदा छोड़ा है."

मी ह्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते ओरडले. वास! सडका कोबी, जळकं रबर आणि फिनेल एकत्र उकळावं तसा, पोटात ढवळून आणणारा, घाणेरडा, भयंकर वास! मी रुमाल लावला नाही. मी रिक्षातून डोकं बाहेर काढलं आणि छातीभर ओढून घेतला, पुन्हा ओढला, पुन्हा. खोकला आला तरी ओढला. हे मला मागे खेचत होते आणि मी रडत होते, हसत होते, येतोय हो येतोय म्हणून ओरडत होते. रिक्षावाल्याला वाटलं असणार की ह्या बाईला बोईसरच्या कान-नाक-घशाच्या नाही, दुसऱ्याच डॉक्टरकडे न्यायला हवं.

जयवंतीच्या दारात पोचेपर्यंत माझा पदर ओला झाला होता. तिचा नवरा कामावर रुजू झाला होता, ती एकटीच घरी होती. मी तिला मिठीच मारली आणि एका दमात सगळं सांगितलं, की आत्ता, इथे, तुझ्या गावात, मला पहिला वास आला. ती आधी चकित झाली, मग पोट धरून हसली. ह्या वासावर खूश झालेली पहिलीच बाई बघितली, म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही राहता कसे गं ह्यात? तिने शहाळी कोपऱ्यात ठेवली, चहाचं आधण चढवलं आणि अगदी सहज म्हणाली, "आमाला नाय येत आता. पयल्या वर्षी यायचा, उलट्या व्हायच्या. मंग नाकच मेलं."

तिला त्याचं काही वाटत नव्हतं, ती कपबशा विसळत होती. डॉक्टरांना दाखव म्हणून मी सांगितलं, आमच्या डॉक्टरांकडे मी घेऊन जाते म्हटलं, तर ती म्हणाली, बगू. तिने मला कोरा चहा दिला. त्यात गवती चहाची पात होती, आणि तिचा वास मला आला, तिला नाही.

पुढच्या मंगळवारी मी नेहमीसारखी देवळाची पायरी चढले. हात जोडले, डोळे मिटले. उदबत्तीचा, तेलाचा, ओल्या दगडाचा, माणसांच्या घामाचा, सगळ्यांचा वास एकदम अंगावर आला आणि मला हुंदका फुटला. किती वर्षं मी इथे उभी राहून मागितलं होतं. त्या दिवशी माझ्यासाठी मागायला काही सुचेना. आभार मानले, तेही धड जमले नाहीत. मग मी जयवंतीचं नाव घेतलं, ती कुंभवलीला कुठे राहते ते नीट सांगितलं, आणि तिचं नाक मागितलं. कधी आणि कसं, ते तुझं तू ठरव, म्हटलं, आणि घरी येऊन तिला तपासणीला कधी न्यायचं ते ह्यांना विचारलं.